रजेवरचा वाढपी

पंगतीत वाढप्याचे काम दिसते तितके सोपे नाही, हे ज्याने एकदा तरी कंबरेस उपरणे आवळून भाताचे भांडे हाती घेतले आहे तो सांगेल. कोणाच्या पानाकडे आधी वळावे, कोणाच्या नंतर, किती वाढावे आणि हात केव्हा आखडता घ्यावा, ह्या सर्वांचे एक शास्त्र आहे. ते चुकले म्हणजे एका पानावर वरणाचा पूर येतो आणि शेजारचे पान कोरडेच राहते. आमच्या जुन्या मोटारीच्या इंजिनात असाच एक वाढपी चाळीसांहून अधिक वर्षे राबत होता. डिस्ट्रिब्यूटर हे त्याचे नाव. आणि वाटून देणारा, हाच त्या नावाचा अर्थ. त्यास आम्ही नुकतीच रजा दिली. ती देताना आमच्या मनाची जी ओढाताण झाली, ती एका यंत्राच्या तुकड्यासाठी झाली असे आम्हांस वाटत नाही; म्हणून हा प्रपंच.

ही मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. आम्ही चेंबूरचे, आणि ती शेजारच्या कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. इटलीच्या फियाट ११०० ह्या गाडीचे येथे जे रूप घडले, त्यास १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. आमच्या तीर्थरूपांनी १९७८ साली ती घेतली तेव्हा, गाडी कुर्ल्याची आणि पेट्रोल माहुलचे, म्हणजे सारा संसार पंचक्रोशीतला, असे ते अभिमानाने म्हणत. कारण माहुलच्या बाजूचे तेलशुद्धीकरणाचे दोन्ही कारखाने १९५४-५५ पासून चेंबूरच्या उशाशी आहेत. पुढे कुर्ल्याचा कारखाना गेला. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेषात हीच गाडी मुंबईची ओळख होऊन बसली होती. परंतु टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून अधिकृतपणे नाहीशी झाली. तेव्हा आमच्या दारात उभी असलेली ही गाडी केवळ वाहन राहिली नाही. ती थोडीशी आठवणही झाली आहे, आणि आठवणीस हात लावताना मनुष्य दचकतो.

आता त्या वाढप्याचे काम काय ते सांगितले पाहिजे. इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते, आणि नेमक्या क्षणी तेथे ठिणगी पडावी लागते. बॅटरी बारा व्होल्टची, तर ठिणगीस हजारो व्होल्ट हवेत. ते निर्माण करते इग्निशन कॉईल. तिच्यातून वाहणारा प्रवाह एकदम तोडला की दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड दाब उसळतो. प्रवाह तोडण्याचे काम करतात ते दोन लहानसे ठोकळे; त्यांस आपले मिस्त्री सी. बी. पॉइंट म्हणतात. चार कोपऱ्यांचा एक दांडा फिरता फिरता त्यांस दूर सारतो, आणि त्याच दांड्याच्या माथ्यावर बसलेला रोटर ती ठिणगी पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या आणि दुसऱ्या अशा क्रमाने एकेका प्लगकडे पोहोचवितो. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वेगाने इंजिन चालले असता अशा आठ हजार ठिणग्या, म्हणजे सेकंदाला सुमारे १३३, एकाच कॉईलला द्याव्या लागतात आणि एकाच वाढप्याला वाढाव्या लागतात. शिवाय वेग वाढला की ठिणगी किंचित आधी पडली पाहिजे. त्यासाठी त्याच्या पोटात दोन वजने आणि दोन स्प्रिंगा असतात. एवढ्याशा डब्यात इतका विचार कोंबणाऱ्या पूर्वसूरींपुढे हात जोडावेसे वाटतात.

परंतु वाढपी कितीही निष्ठावंत असला तरी त्याची कंबर धरते. पॉइंट जळतात, त्यांवर काजळी धरते, त्यांच्यामधले अंतर बिघडते. हे अंतर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी. ते वाढले किंवा घटले की ठिणगीची वेळच बदलते. दांड्याच्या बुशी झिजल्या की तो डुलू लागतो, आणि पहिल्या पानाला वेळेवर मिळाले तर तिसऱ्याला उशीर होतो. पावसाळ्यात तर विचारूच नये. टोपीच्या आत ओल धरली की वीज प्लगकडे जाण्याऐवजी भलत्याच वाटेने पळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस तर प्रलयाचाच. पण नेहमीच्या श्रावणसरींतही बॉनेट उघडून, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून ती रुमालाने पुसणारे गृहस्थ हे मुंबईच्या वर्षाऋतूचे एक ठरलेले चित्र होते.

ह्या सर्व दुखण्यांवर आमचा वैद्य म्हणजे आमचे मिस्त्री. त्यांचे उभे आयुष्य टॅक्सी दुरुस्त करण्यात गेले. पॉइंट पॉलिश पेपराने घासावा, काडेपेटीच्या कागदाची घडी मध्ये सरकवून अंतर धरावे, इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्यूटर अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून केसभर इकडे तिकडे फिरवावा, आणि मान कलती करून ऐकावे. एका क्षणी इंजिनाचा सूर जुळतो. गवयाचा तंबोरा लागावा तसा. मिस्त्री तेथे हात थांबवितात आणि बोल्ट आवळतात. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते त्यांच्या कानात आहे.

अशा मिस्त्रींच्याच पुतण्याने हा बदल सुचविला. मुलगा तंत्रनिकेतनात शिकलेला, बोलण्यात अदबशीर. तो म्हणाला, “साहेब, डिस्ट्रिब्यूटर दरवर्षी दुरुस्त करण्यापेक्षा त्याची गरजच काढून टाकू. कॉईल पॅक बसवू.” मग त्याने जे समजाविले ते असे. इंजिनाच्या क्रँकच्या पुलीवर एक दातेरी चाक बसवावयाचे. त्यास छत्तीस दात्यांची जागा, पण एक दाता मुद्दाम गाळलेला. प्रत्येक दाता दहा अंशांचा. समोर सुमारे एक मिलिमीटर अंतरावर एक सेन्सर. तो दाते मोजतो, आणि गाळलेल्या दात्यावरून इंजिन फेरीत नेमके कोठे आहे ते ओळखतो. साखळी, गिअर, बुशी ह्यांची ढिलाई मध्ये येतच नाही, कारण मोजमाप थेट क्रँकवरच होते. ही वार्ता एका लहान इलेक्ट्रॉनिक डब्याकडे जाते. वेग किती आणि इंजिनावर भार किती, हे पाहून ठिणगी किती अंश आधी पाडावी याचा तक्ता त्यात भरलेला असतो. डबा हुकूम देतो, आणि कॉईल पॅकमधील दोन कॉईली चार प्लगांस ठिणग्या देतात.

दोन कॉईली आणि चार प्लग, हा हिशेब आम्हांस प्रथम कळेना. त्याचा उलगडा मोठा मौजेचा आहे. पहिला आणि चौथा हे दट्टे जोडीने वर येतात व जोडीने खाली जातात; तसेच दुसरा आणि तिसरा. पहिल्यात मिश्रण दाबले जात असते तेव्हा चौथ्यातून जळका धूर बाहेर जात असतो. कॉईल दोघांसही एकदमच ठिणगी देते. एकीने काम होते; दुसरी धुरात पडते आणि वाया जाते. पुढच्या फेरीस पाळी उलटते. धुरात दाब अल्प असल्यामुळे त्या निरर्थक ठिणगीस वीजही थोडीच लागते. आणि प्रत्येक कॉईलला फेरीमागे एकदाच काम असल्यामुळे तिला भरून यावयास पूर्वीच्या दुप्पट उसंत मिळते.

हे ऐकले आणि आमच्या मनात जो विचार आला तो अद्याप गेला नाही. डिस्ट्रिब्यूटर कशासाठी होता? एक ठिणगी वाया जाऊ नये म्हणून. आपल्या आजीची पिढी तशीच होती. घरात तूप थोडे, म्हणून तुपाची वाटी एका जाणत्या हाती. तो हात प्रत्येकास पाहून वाढणार. काटकसरीस नेहमी वाढपी लागतो, आणि वाढपी म्हटला की त्याची देखरेख, त्याची मर्जी, त्याची झीज ही ओघाने आलीच. नव्या व्यवस्थेने निराळाच हिशेब मांडला: ठिणगी वाया गेली तरी चालेल, पण वाटणारा मध्ये नको. एक वाया जाणारी ठिणगी ही एका झिजणाऱ्या वाढप्याहून स्वस्त पडते. हा हिशेब अंकांनी बरोबर आहे. तरी ज्या घरात ताटाभोवती शितेही सांडू देत नसत, त्या घरी वाढलेल्या आम्हांस तो पचावयास वेळ लागला.

बरे, हा हिशेब नवा आहे असेही नाही. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या टी मॉडेलमध्ये चार सिलिंडरांस लाकडी पेटीत बसविलेल्या चार स्वतंत्र कॉईली होत्या. १९४८ साली लोकांपुढे आलेल्या सित्रोएनच्या टू-सीव्ही ह्या फ्रेंच शेतकऱ्याच्या गाडीस डिस्ट्रिब्यूटर नव्हताच; तिच्या दोन्ही प्लगांस एकाच वेळी ठिणगी मिळे आणि एक खुशाल वाया जाई. म्हणजे ज्यास आपण आजची सुधारणा म्हणतो, ती आपल्या आजोबांच्या काळीही वाट पाहत उभी होती.

मिस्त्रींचा आक्षेप मात्र निराळा होता. ते म्हणाले, “साहेब, पॉइंट बिघडायचा झाला तर गाडी आधी सांगते. खोकते, धक्के देते, चढावर रडते. डबा बिघडला तर तो सांगणार नाही. एकदम गप्प होईल. मग रस्त्यात तुम्ही काय घासणार?” पुतण्या हळूच म्हणाला, “पण काका, डबा झिजत नाही.” दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांपैकी एकालाही गप्प करावे असे आम्हांस वाटेना. नव्या व्यवस्थेने गाडीचा जोर फारसा वाढणार नव्हता. कार्बुरेटर जुनाच राहणार होता. मिळणार होते ते स्थैर्य, आणि द्यावे लागणार होते ते संकटात स्वतःच्या हाताने काही करता येण्याचे स्वातंत्र्य.

त्यात कायद्याचीही एक गाठ होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. ही नोंदणी मिळते ती मूळ स्वरूपात राखलेल्या, सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या गाडीस. आमच्या पद्मिनीची पन्नाशी २०२८ साली. तिला जपून ठेवावी की चालती ठेवावी, हा प्रश्न आता केवळ हौसेचा उरला नव्हता.

अखेर तोड काढली ती मिस्त्रींनीच. त्यांनी पुतण्यास चार अटी घातल्या. कोठेही नवे भोक पाडावयाचे नाही. वेल्डिंग करावयाचे नाही. जे बसवावयाचे ते आहे त्याच बोल्टांवर बसवावयाचे. आणि डिस्ट्रिब्यूटर काढावयाचा नाही. त्याच्या तारा आणि रोटर काढून घ्यावा, टोपी धुळीसाठी वरती राहू द्यावी, जुनी कॉईलही जागच्या जागी असू द्यावी. कित्येक जुन्या इंजिनांत तेलाचा पंपही त्याच दांड्याच्या आधाराने फिरतो, तेव्हा ह्या अटीमागे नुसती माया नव्हती. पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि तारा एका पत्र्याच्या डब्यात घालून तो डबा डिकीत ठेवला. नवा डबा रुसला तर जुना कारभार तेथल्या तेथे पुन्हा सुरू करता यावा, अशी ही योजना.

चाक बसले, सेन्सर बसला, टायमिंग लाइट लावून पुलीवरची खूण जुळविली. गाडी पहिल्याच किल्लीस सुरू झाली आणि संथ लयीत चालू लागली. पुतण्याने लॅपटॉपवरचे आकडे दाखविले. मिस्त्रींनी ते पाहिले, पण मान कलती करून ऐकलेही, आणि म्हणाले, “दोन अंश मागे घे.” मुलाने घेतले. सूर खरोखरच अधिक गोड झाला. तक्ता यंत्राचा असला तरी त्यात पहिला आकडा कोणाच्या तरी कानाने घातलेला असतो, हे त्या दिवशी आम्हांस समजले. वाढपी गेला तरी स्वयंपाकाची चव पाहणारी जीभ लागतेच.

आम्हांस वाटते, सुधारणा करावी की न करावी हा वाद पुष्कळदा फुकटचा असतो. ती कोणाच्या हातून होते आणि ती परत घेता येते की नाही, हे दोन प्रश्न खरे. ज्याचे कौशल्य मोडावयाचे आहे त्याला बाजूस सारून केलेला बदल घरात एक मुका मनुष्य निर्माण करतो. त्यालाच मध्ये घेऊन केलेला बदल त्याच्या ज्ञानाचा वारसा पुढे नेतो. आणि ज्या बदलातून परतीची वाट ठेवली आहे, त्यात पाऊल निर्भयपणे टाकता येते.

आता त्या दोघांत एक करार झाला आहे. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या रविवारी, पूजेपूर्वी, पत्र्याचा डबा उघडावयाचा, रोटर आणि तारा जागेवर लावावयाच्या, आणि गाडी दिवसभर जुन्याच पद्धतीने चालवावयाची. पॉइंटचे अंतर मिस्त्रींनी धरावयाचे नाही. पुतण्याने धरावयाचे, आणि तेही गेज न घेता. मिस्त्री शेजारी स्टुलावर बसून राहतात व डोळे मिटून ऐकतात. गेल्या खेपेस मुलाने तीन वेळा बोल्ट सैल केला आणि तीन वेळा आवळला. चौथ्या वेळी मिस्त्रींनी डोळे उघडले, आणि काही न बोलता चहा सांगितला.