रामाच्या नावाची गावे

ग्रीकांनी हेराक्लीस या वीरावरून अनेक नगरांना हेराक्लिया हे नाव दिले : एक इटलीत, एक सिसिलीत, एक काळ्या समुद्राच्या काठी. त्या तिसऱ्या नगरास आज तुर्कस्तानात एरेग्ली म्हणतात. नाव झिजून का होईना, उरले. पूजक मात्र उरले नाहीत. आम्हां सौंसर-पांढुर्ण्याकडच्या मराठी माणसांच्या मनाला हे लागते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली; रामटेक मुंबई राज्यात गेले, सौंसरजवळचे आमचे रामाकोना मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा जिल्हाही झाला. सीमा बदलल्या, तरी दोन्ही नावांत राम ऐकू येतोच. परंतु नुसत्या नावाने नाते टिकत नाही. म्हणून रामनवमीस मंदिरात मुलांना रामकथा मराठीतूनही ऐकवावी, एवढेच आमचे मागणे.