मोठेबाबांच्या चालीने

म्हाताऱ्या माणसाला हरणं दाखवायला जंगलात न्यायचं, तर आधी स्वतःची घाई घरी ठेवावी लागते. मी भंडाऱ्याजवळच्या कोका अभयारण्यात गाइडचं काम करतो. येणाऱ्या पाहुण्यांना वाघ हवा असतो. चितळांचा कळप दिसला की दोन फोटो निघतात आणि लगेच ‘पुढे चला’ होतं. माझे मोठेबाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना मी जंगलात नेतो ते मात्र चितळांसाठीच.

तरुणपणी ते शिकाऱ्यांबरोबर जात. बंदूक त्यांच्या हातात कधी आली नाही. माग काढायचा आणि हाका घालायचा, हे त्यांचं काम. तेव्हा जंगलाचे शूटिंग ब्लॉक पाडलेले असत आणि नागपूरकडचे शिकारी परवाना घेऊन येत. मादीवर गोळी झाडायची नाही, शिंगांवर मखमल असलेल्या नराला हात लावायचा नाही, हे मोठेबाबा आपल्या वडलांकडून शिकले. 1970 मध्ये नागझिरा अभयारण्य झालं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, परवाने आटत गेले आणि 1991 च्या दुरुस्तीने ते दार कायमचं बंद झालं. हे योग्यच झालं. ज्या जंगलात चितळ उरत नाही, तिथे वाघही उरत नाही. 1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नागझिरा तिकडे गेलं. 2013 मध्ये आमचं कोका अभयारण्य झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामील झालं. शिकार संपली, पण मोठेबाबांच्या अंगातली विद्या शिल्लक राहिली. तिला जंगल दाखवत राहणं हे मी माझ्या कामाचा भाग मानतो.

त्यांना नेण्याची माझी एक पद्धत बसली आहे. थंडी ओसरू लागली की, फेब्रुवारीच्या सुमाराला निघायचं. तेव्हा पानगळ सुरू झालेली असते, नजर लांब जाते आणि ऊनही बाधत नाही. भंडाऱ्याचा मे महिना म्हाताऱ्या शरीराला सोसत नाही. या वयात तहान उशिरा कळते, म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता मी पाण्याची बाटली पुढे करतो. जिप्सीच्या मागच्या उंच सीटवर प्रत्येक खड्डा पाठीत बसतो, म्हणून त्यांना ड्रायव्हरशेजारी बसवायचं आणि मानेभोवती दुपट्टा द्यायचा. गेटमधून आत शिरण्याआधी लघवीला जाऊन यायचं, कारण आत गाडीतून उतरता येत नाही. या गोष्टी सांगायला लहान वाटतात, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं तर माणसाचं सगळं लक्ष स्वतःच्या शरीरात अडकतं आणि जंगल पाहायचं राहून जातं. मोहफुलं पडू लागली की पहाटे गावाच्या कडेला मोहाखाली चितळं येतात. तिथे पायी चला, असा मोठेबाबांचा दरवर्षी आग्रह असतो. मी नेत नाही. त्याच फुलांसाठी अस्वलही येतं आणि त्यांच्या गुडघ्यांना आता पळ काढता येणार नाही.

एकदा आत शिरलो की मात्र ते पुढारी आणि मी मदतनीस. पाणवठ्याजवळ गाडी थांबवताना ते ड्रायव्हरला सांगतात, “इथं नोको लावू, बाबू. हवा आपल्याकडून पाण्याकडं चालली.” गाडी वळसा घालून पलीकडे नेली, इंजिन बंद केलं आणि कुणी हललं नाही, तर चितळं येतात. चितळाला माणूस नाकाने आधी कळतो आणि हललेला हात लगेच दिसतो. स्थिर बसलेला माणूस त्याच्या डोळ्यांतून बऱ्याचदा सुटतो. मोठेबाबा अर्धा-अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसतात. अशी बैठक मला तरुण पाहुण्यांत क्वचितच आढळते.

रस्त्याच्या धुळीत ते ठसे वाचतात. चितळाच्या खुरांची जोडी टायरच्या नक्षीवर उमटली असेल, तर जनावर मागच्या गाडीनंतर गेलं. नक्षी खुरांवर असेल तर आधी. ठशाची कड धारदार असेल तर तो सकाळचा आणि कड ढासळली असेल तर जुना. त्यांच्या काळी याच रस्त्यांवर बैलगाडीच्या चाकोऱ्या असत. चाकोरीची जागा टायरने घेतली, वाचायची रीत तीच राहिली.

आता त्यांचे कान गेले आहेत. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि चितळाचा इशारा नेमका तसाच तीक्ष्ण असतो. हे लक्षात आल्यावर ते मला म्हणाले, “तू आयक, मी पायतो.” तेव्हापासून आम्ही दोघं मिळून एक मागकरी झालो आहोत. कॉल आला की मी त्यांच्या दंडाला बोट लावतो आणि ते कळपाकडे पाहतात. शेपटी उभी आहे का, पुढचा पाय आपटला जातोय का, सगळ्या माना एकाच दिशेला वळल्यात का. एकच चितळ दचकून ओरडलं तर ते मान हलवतात. कळप एका रेषेत पाहत असेल आणि वर ऐनाच्या शेंड्यावरून वानरही खेकसत असेल, तर बोटाने जागा दाखवतात. पाहुण्यांना वाघ दाखवण्याची माझी बरीचशी हातोटी या बोटाकडे पाहून आली.

एकाच कळपात मखमली शिंगांचा नर आणि कडक शिंगांचा नर शेजारी शेजारी चरताना दिसतात, कारण चितळांची शिंगं सगळ्यांची एकदम गळत नाहीत. मोठेबाबा अजूनही कडक शिंगांचा नर आधी हेरतात, मग माद्या, मग पाडसं मोजतात. पाडसं भरपूर दिसली की दिवसभर समाधानात असतात.

आज आमच्या भागात शिकारीच्या नावाने जे चालतं, त्याचा त्यांना फार राग आहे. रानडुकरासाठी कुंपणाला वीज सोडायची, पाण्याच्या वाटेवर तारेचा फास लावायचा. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेल्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 च्या एप्रिलमध्ये नागभीड भागात अशाच विजेच्या तारेने मेला. तार लावणाऱ्याला वारा कळावा लागत नाही, ठसा वाचावा लागत नाही, नर-मादी ओळखावी लागत नाही. तार समोर येईल त्याला मारते. मोठेबाबांच्या पिढीने जनावरं मारली हे खरं, आणि ते थांबलं हे चांगलंच झालं. पण जनावराला ओळखल्याशिवाय त्याच्याजवळ जाता येत नाही, ही शिस्त त्या पिढीकडे होती. बंदूक गेली तरी ती शिस्त रक्षणाच्या कामाला लावता येते. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांचं बोट धरून हे जंगल समजून घेतलं आणि मराठी वाचकांपर्यंत पोचवलं.

साकोली, लाखनी, पवनी, कुठल्याही गावात एखादा तरी म्हातारा हाकारा किंवा मागकरी अजून असेल. तो तुमच्या घरात असेल तर येत्या फेब्रुवारीत त्याला जंगलात न्या. गाडीत पुढे बसवा, त्याच्या चालीने चला, तो थांब म्हणेल तिथे थांबा. आणि रात्री घरी आल्यावर त्याने ओळखलेली प्रत्येक खूण वहीत लिहून ठेवा.