घरचं बियाणं : पांढरी तूर, लाल तूर आणि दाजींचा फोन



डिसेंबरात दाजींचा फोन आला. "पाहुणं, तुम्ही दिलेल्या बियाण्यात तुरी किती प्रकारच्या होत्या?" आवाजात राग नव्हता, पण मला काय बोलावं ते सुचेना. बहिणीच्या घरी पाच किलो बियाणं मी स्वतः नेऊन दिलं होतं. "घरचं आहे, खात्रीचं आहे" असंही म्हणलो होतो.

आधी माझी चूक सांगतो. तीन वर्षांमागं बीडीएन ७११ (पांढरी) आणि बीएसएमआर ७३६ (लाल) या दोन्ही जातींचं प्रमाणित बियाणं आणून एकेक एकर पेरलं. मधे फक्त बांध. माल चांगला निघाला म्हणून दोन्हीचं बियाणं घरी ठेवलं. पेरणीआधी गोणपाटात शंभर-शंभर दाणे गुंडाळून उगवण बघितली. पांढरीचे ९१ उगवले, लालचे ८८. दाणा एकसारखा, टपोरा. छाती फुगली. त्यातलंच पाच किलो दाजींना दिलं.

पुढच्या खरिपात दोन्ही प्लॉट परत लावले, या वेळी नीट मोजायचं ठरवून. पाच ठिकाणी वीस-वीस झाडं, म्हणजे प्रत्येक जातीची शंभर झाडं. शेंगा भरताना एक पाणी दोन्हीला दिलं.

पांढरी : शंभरातली ११ झाडं वेगळी. बाकी रान वाळायला लागलं तरी ही हिरवी, उंच, शेंड्याला फुलं. शेंग फोडली तर दाणा लाल. एकरी उतारा ५ क्विंटल ३० किलो.

लाल : वेगळी झाडं ३, तीही थोडी लवकर आलेली. दाणा सगळा लाल. उतारा ६ क्विंटल १० किलो.

आकडे बघून वाटलं, लाल तूर उताऱ्यालाही भारी आणि जातीलाही पक्की. इथंच मी दुसऱ्यांदा फसणार होतो.

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. तूर सोयाबीनसारखी नाही. मधमाशा एका तुरीचा पराग दुसरीवर नेतात. पण दाण्याचं साल हे आईचं असतं. पांढऱ्या तुरीच्या फुलावर लालचा पराग पडला तरी त्या वर्षी दाणा पांढराच दिसतो. संकर आत लपलेला असतो. तो दाणा पुढच्या वर्षी पेरला, की त्या झाडाला लाल दाणे येतात. रंगात सहसा लाल पांढऱ्यावर भारी पडतो.

म्हणून लालच्या प्लॉटात भेसळ कमी दिसली. लालवर पांढरीचा पराग पडला तर त्या दाण्यापासून आलेलं झाडही लालच दाणे देतं. भेसळ दिसली नाही म्हणजे ती नव्हती, असं नाही.

उताऱ्याचंही तसंच. बीएसएमआर १७०-१८० दिवसांची, बीडीएन ७११ साधारण १५०-१६० दिवसांची. माझ्याकडं पाणी होतं म्हणून लाल पुढं गेली. दाजींचं रान हलकं आणि कोरडवाहू, म्हणून तर त्यांनी लवकर येणारी पांढरी मागितली होती. त्यांना दोनदा कापणी करावी लागली, मजुरी दुप्पट गेली, आणि अडतीवर लाल-पांढरा मिसळलेला माल बघून भाव पाडला.

आता घरी काय बदललं ते सांगतो :

१. बियाण्यासाठी एका शिवारात एकच जात. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या तुरीपासून किमान १०० मीटर अंतर सांगतात. शेजाऱ्याची तूरही त्यात धरायची.
२. फुलोऱ्याआधी आणि फुलोऱ्यात फेरी मारून वेगळी दिसणारी झाडं उपटायची. जीव तुटतो, पण उपटायची.
३. बांधाकडच्या ओळी बियाण्याला घ्यायच्या नाहीत. प्लॉटच्या मधली, एकाच वेळी पक्व होणारी झाडं खूण करून वेगळी झोडायची.
४. सुपात लाल दाणे निवडून बियाणं शुद्ध होत नाही. आम्ही दोघांनी दोन रात्री बसून निवडलं होतं. पांढऱ्या दाण्यात त्याच वर्षीचा संकर असतोच.
५. उगवण चाचणी कराच, पण ती बियाणं जिवंत आहे एवढंच सांगते. जात कोणती, ते उभं पीकच सांगतं.

यंदा दाजींना नवीन प्रमाणित बियाण्याची पिशवी नेऊन दिली. पैसे घेतले नाहीत. दाजी हसून म्हणाले, "यातलं घरी ठेवायचं का?" म्हणलं, "ठेवा, पण फुलोऱ्यात मला बोलवा. आपण दोघं मिळून रान फिरू."

तुमच्याकडं घरच्या तुरीत शंभरात किती झाडं वेगळी निघतात? या हंगामात मोजा आणि खाली लिहा. जात, जमीन आणि शेजारी कोणती तूर होती, तेही सांगा.