दगडांच्या मुलखातले दोन दिवस

आमच्या माणदेशात पावसाची वाट बघून डोळं दुखायला येतात. आयर्लंडात तोच पाऊस दिवसातनं चारदा येतो आणि कुणी मान वर करूनसुद्धा बघत नाही. लेक तिकडं लिमरिकला नर्स आहे. तिच्याकडं जाऊन मला तीन आठवडे झाले होते. घरात बसून बसून अंग आंबलं होतं. मे महिन्यातल्या एका शनिवारी जावई म्हणाले, "मामा, चला, दोन दिवस क्लेअरकडं जाऊन येऊ. पक्षी बघू, रात्री गाणं ऐकू." नऊ वर्षांची नात तर आधीच गाडीत जाऊन बसली होती.

या तीन आठवड्यांत लेकीचं एकच पालुपद चाललं होतं. "आण्णा, माळाचं रान विकून टाका. आई गेली. मी इकडं. दगडं राखून काय मिळणार आहे?" आमची जमीन अकरा एकर. त्यातली चार विहिरीखाली, बाकी सगळा माळ. गिऱ्हाईक पण आलेलं होतं. तिचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून मला उत्तर देता येत नव्हतं. आम्ही चौघं निघालो, पण गाडीत पाचवं माणूस बसावं तसा तो विषय बसलेला होता.

पहिल्यांदा मोहरच्या कड्यांवर गेलो. समुद्रातनं सरळ उठलेली काळी भिंत. सगळ्यात उंच जागी 214 मीटर, म्हणजे सातशे फूट. वारा असा की टोपी खिशात घालावी लागली. कड्याच्या खाचांत फडताळात भांडी लावावीत तसे हजारो पक्षी बसलेले. त्यातला गिलेमॉट म्हणून एक आहे, तो घरटं बांधायच्या फंदातच पडत नाही. उघड्या दगडावर एकच अंडं घालतो. दुसरा पफिन. वर्षातला बराच काळ भर समुद्रात काढतो आणि फक्त विणीला जमिनीवर येतो. मातीत बीळ करतो, त्यात एकच अंडं. काळा कोट, पांढरं पोट, रंगीत चोच, नारिंगी पाय. लग्नातल्या बँडवाल्यासारखं ध्यान! नातीनं दुर्बीण माझ्या हातात देऊन तो दाखवला. एक कावळा तर लाल चोचीचा, लाल पायांचा बघितला. जन्मभर कावळे बघितले, पण दुर्बीण लावून बघितलेला हा पहिलाच.

संध्याकाळी डूलिन गावात मुक्काम. सात वाजले तरी ऊन अंगणात होतं. गाणं पबमध्ये असतं म्हटल्यावर मी जरा बिचकलो. माझ्या गळ्यात तुळशीची माळ. पण आत बघतो तर पोरंसोरं, म्हाताऱ्या, सगळीच. मला चहा मिळाला. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सहा-सात जण वाजवायला बसले होते. स्टेज नाही, माईक नाही, वही नाही. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. हातात मावणारी कॉन्सर्टिना नावाची पेटी. कोपराखालच्या भात्यानं हवा भरायचे इलन पाइप्स. आणि बकऱ्याच्या कातड्याचा बोरान, आपल्या डफाचा भाऊ. एकानं चाल धरली की बाकीचे मागनं मिसळतात. तीच चाल दोन-तीनदा फिरवतात आणि नुसत्या नजरेनं दुसरीवर जातात. आमच्या देवळात भजनाला असंच चालतं. बुवा मान हलवतो आणि पखवाजवाला ओळखतो.

भिंतीवर एका टोपीवाल्या माणसाचा फोटो होता. जावयांनी सांगितलं, हा मीको रसेल. जन्म 1915 चा, याच गावाशेजारचा. हाडाचा शेतकरी. सहा भोकांची पत्र्याची शिट्टी वाजवायचा. गुरं राखली, गवत कापलं आणि जुन्या चाली जपल्या. त्याच्या शिट्टीपायी लांबलांबचे लोक डूलिनला यायला लागले. 1994 ला तो गेला, पण गाव अजून त्याच्या नावानं उत्सव करतं.

नातीनं शाळेत तीच शिट्टी शिकलेली. तिला बोलावलं तर ती लाजत जाऊन बसली. ती वाजवायला लागली तशी सगळ्यांनी आपापली गती कमी केली. कुणी सांगितलं नाही. पोर दमेल म्हणून बैलगाडी हळू हाकावी, तसं.

माझ्या शेजारी एक म्हातारा शेतकरी होता. हात बघितल्याबरोबर ओळख पटली. नात परत आल्यावर तिनं आमच्या बोलण्याची ने-आण केली. "आजोबा, ते विचारतात, तुमच्या गाई आता कोण बघतंय?" म्हटलं, पुतण्या बघतोय. त्याचा एक पोरगा सिडनीला, दुसरा बोस्टनला. त्यानं विचारलं, "आणि तुमच्यामागं?" मी चहाच्या कपाकडं बघत बसलो.

त्या मुलखाला ही गोष्ट नवी नाही. 1845 ला बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ आला. 1841 ला 80 लाखांच्या वर असलेली माणसं 1851 ला 65 लाखांवर आली. काही मेली, काही बोटीत बसून अमेरिकेला गेली. पुढंही जाणं थांबलं नाही. आमच्या आटपाडी-खानापूरची पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली, मला तेच आठवलं. जावयांनी आणखी एक सांगितलं. स्लायगोचा मायकल कोलमन नावाचा फिडलवाला 1914 ला अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कला त्याच्या तबकड्या निघाल्या, त्या बोटीनं परत आयर्लंडात आल्या आणि मागं राहिलेली पोरं त्याच्या तबकड्या ऐकून शिकली. गेलेल्यानं माघारी पाठवलं. पण मागं कुणी राहिलंच नसतं तर ते घेतलं असतं कुणी?

निघताना म्हाताऱ्यानं मला गायला सांगितलं. मी तुकोबांचा एक अभंग म्हटला. टाळ नाही, पखवाज नाही. ग्लासाचा आवाजसुद्धा झाला नाही. एक अक्षर न कळता इतकी माणसं गप बसली. संपल्यावर म्हाताऱ्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रविवारी बरेनला गेलो. बरेन म्हणजे त्यांच्या भाषेत दगडाळ जागा. नजर जाईल तिथवर चुनखडीचा राखाडी खडक आणि त्याच्या भेगांत निळी, पिवळी फुलं. तिथले शेतकरी गुरं डोंगरावर हिवाळ्यात चढवतात, उन्हाळ्यात खाली आणतात. सगळं उलटं! कारण खडक ऊब धरून ठेवतो आणि पाणी झिरपून जातं, पायाखाली चिखल होत नाही. गुरं हिवाळ्यात जुनं गवत खातात म्हणून वसंतात फुलांना जागा मिळते. असं रान चांगलं राखलं तर त्याला दहापैकी गुण देतात आणि गुणांप्रमाणं शेतकऱ्याला पैसे मिळतात. दगड राखायचे पैसे! मी लेकीकडं बघितलं. ती हसली, पण बोलली नाही.

तेवढ्यात झुडपांतनं आवाज आला, "कु-कू, कु-कू." आपल्या पावशाच्या जातकुळीतलाच तो. आपला पावशा सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो, हा तिथल्या तिरचिमणीच्या. जावई म्हणाले, "मामा, आईबाप आधीच आफ्रिकेला निघून जातात. पिल्लू मागनं एकटंच जातं. वाट कुणी दाखवत नाही. आणि वसंतात परत येतं."

आम्ही बराच वेळ दगडावर बसून ऐकत राहिलो. मग मी लेकीला म्हटलं, "माळ विकायचा नाही. मी आहे तोवर मी, पुढं पुतण्या. तुम्ही या, नका येऊ, पण तो तुमचा म्हणून तिथं असू दे."

ती लांब बघत राहिली. मग म्हणाली, "मृगाला किती दिवस राहिले, आण्णा?"

"दोन आठवडे. तेवढ्यात पोचलं पाहिजे."

"माळावर काय पेरणार?"

"हुलगा," मी म्हटलं. "दगडातही येतो."