‘कासाब्लांका’तला सॅम ‘बॉय’ कसा?

‘कासाब्लांका’ (१९४२) मी कितीतरी वेळा पाहिलाय. हम्फ्रे बोगार्टचा कडवट रिक आणि इंग्रिड बर्गमनचे पाणावलेले डोळे अजून तितकेच आवडतात. नाझी अधिकाऱ्यांच्या गाण्याला अख्खं कॅफे फ्रान्सच्या राष्ट्रगीताने उत्तर देतं, तेव्हा अंगावर काटा येतो.

पण माझी नजर थांबते ती पियानोवरच्या कृष्णवर्णीय सॅमवर. दुसरा कॅफेवाला सॅमला विकत मागतो, तेव्हा रिक सुनावतो की आपण माणसांचा व्यापार करत नाही. मी मनात टाळी वाजवते. त्याच सिनेमात बर्गमनची इल्सा मात्र सॅमला ‘बॉय’ म्हणते. सॅम साकारणारा डूली विल्सन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, बर्गमन जेमतेम २६ची!

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या आजोबांना सवर्णांची शाळकरी पोरंही नाव तोडून हाक मारायची. म्हणून तो शब्द माझ्या कानाला लागतो. फॅसिझमविरुद्ध उभ्या राहिलेल्या सिनेमाला घरातला वर्णभेद टोचला नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, ते अस्पृश्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या स्थितीतलं साम्य ओळखूनच.

मित्रांनो, सिनेमा जरूर पाहा. मी पुन्हा पाहणारच आहे. फक्त सॅमला कोण कशी हाक मारतं, तेही ऐका.

जय भीम!