चंद्रभागेकडून कावेरीकडे

बीदर आणि कलबुर्गी ही शेजारशेजारची जिल्ह्याची ठाणी; परंतु आगगाडीच्या हिशेबाने ती दीर्घकाळ एकमेकांस परकीच होती. निजामाच्या अमदानीत बीदरला रेल्वे आली ती विकाराबादकडून, आणि पुढे उदगीरवरून परळीकडे निघून गेली. कलबुर्गीस आगगाडीनेच जायचे म्हटले तर आधी विकाराबाद आणि मग वाडी असा प्रदक्षिणेचा मार्ग. म्हणून आमच्या मुलुखातील माणसे बसचे धक्के खात हुमनाबादवरून जात. अखेर २९ ऑक्टोबर २०१७ रोजी ११० किलोमीटरचा बीदर-कलबुर्गी लोहमार्ग खुला झाला, आणि मुंबई-मद्रास या जुन्या थोरल्या वाटेवर आमचे कोळार एकदाचे जोडले गेले. या वाटेने दूर दक्षिणेस, थेट तंजावरपर्यंत जाऊन यावे, असा बेत आम्ही पाच स्नेह्यांनी गेली काही वर्षे मनात बाळगला होता. दसऱ्याच्या सुट्टीत तो तडीस गेला.

मंडळींची ओळख करून द्यावयास हवी. त्यांत आम्ही शाळामास्तर. दुसरे टपाल खात्यातून निवृत्त झालेले, ज्यांस गाव अजूनही पोस्टमास्तर म्हणते. तिसरे तूर आणि ज्वारी पिकविणारे पाटील. चौथे भजनी मंडळाचे बुवा. आणि पाचवे किराणा दुकानदार, ज्यांना सारेजण अण्णा म्हणतात. अण्णांचे शिक्षण सातवीपर्यंत, परंतु हिशेब मात्र तोंडपाठ. निघण्याच्या आठच दिवस आधी त्यांनी आम्हांस सांगून टाकले होते, “मास्तर, नातवाचं नाव पुढच्या वर्षी आपल्या शाळेतून काढणार. इंग्रजी शाळेत घालतो. राग मानू नका.” आम्ही राग मानला नाही. परंतु आमच्या मराठी शाळेच्या पहिलीच्या वर्गात यंदा अवघी अकरा मुले आहेत, आणि त्यांतून एक वजा होणे म्हणजे काय, हे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्यालाच कळावे.

आमच्यासारख्या घरांची कथा वाचकांस ठाऊक आहेच. १९५६ साली हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात राहिला. घरे मात्र जागची हलली नाहीत. सोयरीक उदगीरला, कचेरी बीदरला, बाजारात कानडी, माजघरात मराठी, आणि जुन्या दस्तऐवजांत उर्दू, अशी ही आमची रीत. कानडीने आम्हांस पोटाशी धरले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. प्रश्न कानडीचा नव्हताच. माजघरातील मराठी पुढच्या पिढीच्या डोळ्यांस ओळखता येईल की केवळ कानांसच, हा प्रश्न होता, आणि तो गाठोड्याबरोबर आमच्या डब्यात चढला.

कलबुर्गीस संध्याकाळी मुंबईहून बेंगळूरकडे जाणारी गाडी मिळाली. दिवस कोजागरीचा होता. शयनयानाच्या डब्याची घडण मोठी शहाणपणाची असते. समोरासमोर तीन-तीन आणि पलीकडे वाटेच्या कडेस दोन, असा आठ जणांचा एक कप्पा. जुन्या धाटणीच्या डब्यात असे नऊ कप्पे म्हणजे बहात्तर माणसे, नव्या धाटणीच्या डब्यात ऐंशी. मधली फळी रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात उघडावी, असा नियम आहे. म्हणजे दिवसा जे आसन सर्वांचे, तेच रात्री प्रत्येकाचे बिछाने होते. आपल्या जुन्या वाड्यांतील ओसरी याहून काय निराळी होती?

या फळ्यांना एकेकाळी नुसते लाकूड होते. १९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग हे नाव काढून टाकले, तरी लाकूड तसेच राहिले. पुढे १९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. राजापूरहून निवडून आलेल्या या समाजवादी प्राध्यापकाने दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर फोमची गादी घातली, आणि २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर वर्गभेद नसलेली गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. आज कोट्यवधी पाठी त्या गादीवर टेकतात. त्यांतील कितींना तिचे श्रेय ठाऊक असेल? पोस्टमास्तरांनी पाठ टेकताना दंडवत्यांचे नाव घेतले आणि म्हणाले, “आपल्या माणसानं केलेलं काम आहे हे, निजताना आठवावं.”

शहाबादच्या फरशीच्या खाणींचा मुलूख अंधारात मागे पडला, वाडी जंक्शन गेले. पाटलांनी फडक्यातून कडक ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. बुवांनी थर्मासमधील केशर घातलेले दूध पेल्यापेल्याने वाटले. यादगीरजवळ गाडी भीमेच्या पुलावर आली. चंद्र वर आला होता आणि पात्र पांढरे दिसत होते. पंढरपुरास जिला आपण चंद्रभागा म्हणतो, तीच ही भीमा. बुवांनी खिडकीतूनच हात जोडले. थोड्या वेळाने कृष्णा आली; पुलाच्या वरच्या अंगास भीमा तिला मिळते की खालच्या, यावर दोघांत थोडा वाद झाला. मग रायचूर. मुंबईकडून आलेला आणि मद्रासकडून आलेला लोहमार्ग १८७१ साली या रायचुरास एकमेकांस भेटले, आणि सह्याद्रीच्या माणसाला कावेरीची वाट खुली झाली. मराठ्यांनी मात्र ती वाट दोनशे वर्षे आधीच घोड्यांवरून तुडविली होती.

तुंगभद्रा ओलांडली तेव्हा दहा वाजून गेले होते. मधल्या फळ्या उघडल्या, दिवे मालवले. अंधारात अण्णांचा आवाज आला, “मास्तर, झोपलात का?”

“नाही.”

“मग मनातलं बोलतो. मराठीनं मला दुकान दिलं नाही. हिशेब मोंढ्यात कानडीत, बिलं इंग्रजीत. पोरगं शिकून बेंगळूरला गेलं, तिथं त्याला मराठीचा काय उपयोग? घरात बोलतोच की आपण. बोललं की जगली भाषा. वाचायचं कशाला?”

आम्ही म्हणालो, “अण्णा, तुमचे म्हणणे खोटे नाही. याचे उत्तर आम्ही आत्ता देत नाही. तंजावर पाहून येऊ.”

पहाटे जाग आली तेव्हा फलाटावरील चहाची आरोळी मागे राहून कॉफीची आली होती. बेंगळुरात दिवस काढून संध्याकाळी म्हैसूरहून कावेरीकाठच्या मुलुखात जाणारी गाडी धरली. याच गाडीत आमच्या कप्प्यात एक वृद्ध दांपत्य होते. बरोबर कॉलेजात शिकणारी नात. ती मंडळी आपसांत तमिळ बोलत होती. बुवांनी सवयीने हरिपाठ गुणगुणावयास आरंभ केला, तसे ते गृहस्थ दचकून उठून बसले आणि मराठीत बोलू लागले. ती मराठी ऐकून आम्ही चकित झालो. सूर तमिळ, परंतु शब्द आमच्या पणजीच्या तोंडचे. मधूनच एखादे क्रियापद असे येई की जणू बखरीतून उठून आले आहे. आठ-दहा पिढ्या तंजावरात काढलेले ते घराणे होते.

रात्री निजण्यापूर्वी त्यांनी पिशवीतून एक जीर्ण वही काढली आणि आरती म्हटली. आरती आपली नेहमीचीच. अण्णांनी कुतूहलाने वहीत डोकावले. वहीतली अक्षरे तमिळ होती. “बापानं लिहून ठेवलं,” ते गृहस्थ म्हणाले, “आम्हांला बाळबोध येत नाही. बोलतो, वाचत नाही.” आजोबा वही पाहून मराठी म्हणत होते, नात ती ऐकत होती, पण आजोबांना उत्तर मात्र तमिळमध्ये देत होती. अण्णा त्यानंतर बराच वेळ गप्प होते.

उजाडताना तंजावर आले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात येथे राज्य मांडले, आणि १८५५ साली दुसऱ्या शिवाजीच्या निधनानंतर वारसाअभावी इंग्रजांनी ते खालसा केले. या पावणेदोनशे वर्षांत येथील भोसल्यांनी केलेले वाङ्मयीन कार्य आपण फारसे आठवीत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ही आपल्या नाटकाची सुरुवात म्हणून आपण सांगतो. त्याच्या आधी दीडशे वर्षे येथे शहाजीराजे मराठी नाटके लिहीत होते, आणि तेलुगूतही लिहीत होते. दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, नागरी मुद्रणालय काढले. १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांस खुले झाले. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्या तेथे एका छताखाली आहेत. मोडी कागदांची बाडेही आहेत. कागद टिकले, ते वाचू शकणारे डोळे मात्र विरळ झाले.

दुपारी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेले हे देऊळ. त्याच्या चोळकालीन तमिळ लेखांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आवाराच्या नैऋत्य अंगाच्या भिंतीवर सरफोजींच्या आज्ञेने १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. जगातील मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. ठरल्याप्रमाणे ते वृद्ध गृहस्थ नातीस घेऊन तेथे आले होते. भिंतीवरून हात फिरवीत ते म्हणाले, “लहानपणापासून पाहतो. हे आमचं आहे एवढं ठाऊक. काय लिहिलं आहे ते कुणी वाचून दाखवलं नाही.”

आम्ही पुढे होणार, इतक्यात अण्णा पुढे झाले. चष्मा पुसला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून ते वाचू लागले. अक्षरवाटिका जुनी, शब्द एकमेकांस चिकटलेले, मध्ये विराम नाही. अण्णा अडखळत होते, मागे जाऊन पुन्हा जुळवीत होते. सगळे त्यांस लागले नाही, आम्हांसही लागले नसते. परंतु नावे लागली. मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी. प्रत्येक नावास ते आजोबा मान डोलावीत, आणि नात त्या अक्षराकडे निरखून पाही. कोळारच्या एका सातवी झालेल्या दुकानदाराने तंजावरच्या माणसास त्याच्या राजांची नावे वाचून दाखविली. पाऊण तास आम्ही तेथे उभे होतो. पाटलांनी टोपी काढून हातात धरली होती.

परतीच्या गाडीत अण्णांनी आपण होऊन विषय काढला. “मास्तर, नातू इंग्रजी शाळेत जाणार, ते बदलत नाही. त्याच्या बापाची तशी इच्छा आहे. पण रोज दुकान बंद केल्यावर अर्धा तास मी त्याला वाचायला बसवीन. पुस्तकं तुम्ही द्या.”

आम्ही म्हणालो, “पुस्तकेही देऊ आणि शनिवारी दुपारी शाळेची एक खोलीही. तुमच्या नातवासारखी मुले गावात पुष्कळ आहेत.”

आमच्या पहिलीच्या वर्गातील संख्या याने वाढणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. शाळेचे काय व्हावयाचे ते पुढील वर्षांत कळेल. तथापि शनिवारच्या खोलीत सध्या चौदा मुले येतात. त्यांतील नऊ इंग्रजी शाळेत जाणारी आहेत, दोन कानडी माध्यमाची. अण्णा दुकानातील पुड्या बांधण्याच्या कागदांतून मराठी वर्तमानपत्रे निवडून वेगळी ठेवतात, आणि मुले मोठ्याने वाचतात.

परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांत मराठी बोलणे सहसा थांबत नाही. आईच्या मांडीवर ते आपोआप येते. अक्षर मात्र आपोआप येत नाही, ते कोणी तरी बोट धरून गिरवून घ्यावे लागते. त्यास शाळाच हवी असे नाही. अर्धा तास आणि एक वडीलधारे माणूस पुरते.

पोस्टमास्तरांनी तंजावरच्या त्या नातीस एक कार्ड धाडले होते, मोठ्या, सुट्या बाळबोध अक्षरांत, खाली इंग्रजीत उच्चार लिहून. महिन्याभराने उत्तर आले. मजकूर इंग्रजी होता. शेवटी सही मात्र नागरीत केली होती, आणि तिखालची रेघ पट्टीने ओढलेली होती.