उत्तरेची वाट

एखाद्या देशाला जलमार्गावरून नाव मिळावे, असे क्वचितच घडते. ‘नॉर्वे’ या नावाचा रूढ अर्थ ‘उत्तरेची वाट’ असा आहे आणि ही वाट समुद्रातली आहे. किनाऱ्यालगतच्या असंख्य बेटांचा आडोसा घेत, महासागराच्या लाटा चुकवीत, दक्षिणेतील बर्गेनपासून रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसपर्यंत बोटी आजही या वाटेने जातात. वाटेत ३४ बंदरे लागतात. जाऊन-येऊन प्रवास १२ दिवसांचा होतो.

एकोणिसाव्या शतकात ट्राँडहाइमहून हॅमरफेस्टला धाडलेले पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोहोचे, तर हिवाळ्यात त्याला पाच महिनेदेखील लागत. घरात कोणी आजारी पडल्याची वार्ता दूरच्या आप्तांच्या हाती पडेपर्यंत तो माणूस एकतर बरा झालेला असे, नाहीतर हे जग सोडून गेलेला असे. अडचण बर्फाची नव्हती. अटलांटिकच्या उष्ण प्रवाहामुळे हा किनारा हिवाळ्यातही गोठत नाही. अडचण होती ती काळोखाची. ट्रॉम्सोसारख्या गावी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. नकाशे अपुरे, दीपगृहे मोजकी. अशा स्थितीत रात्री बोट हाकण्यास इतर कंपन्या धजेनात.

रिचर्ड विथ या कप्तानाने मात्र ते धाडस अंगावर घेतले. होकायंत्राची दिशा, बोटीचा वेग आणि लागलेला वेळ यांच्या नोंदी त्याने व त्याच्या वाटाड्याने वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या. त्यांच्या बळावर, सरकारी अनुदान मिळताच, २ जुलै १८९३ रोजी त्याची ‘व्हेस्टेरालेन’ ही आगबोट ट्राँडहाइमहून निघाली आणि ५ जुलैला हॅमरफेस्टला पोहोचली. आठवड्यांचा मार्ग दिवसांवर आला.

ट्राँडहाइम मागे पडले की एका खडकाळ बेटावर पृथ्वीच्या गोलाची प्रतिकृती दिसते. तेथे उत्तर ध्रुववृत्त ओलांडले जाते. पुढे लोफोटेन बेटांचे सुळके पाण्यातून सरळ उभ्या भिंतीसारखे वर येतात. हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासे येथे अंडी घालण्यासाठी येतात. आपल्या किनाऱ्यावर बोंबील वाळवतात, तसेच हे मासे मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून वाळवले जातात. जवळच ट्रोलफ्योर्ड ही चिंचोळी खाडी आहे. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की मोठी बोट आत शिरून जागच्या जागी वळताना प्रवासी श्वास रोखून पाहत राहतात. याच खाडीचे तोंड १८९० मध्ये आगबोटवाल्यांनी अडवले, तेव्हा आतले मासे मिळावेत म्हणून होडीवाले गरीब कोळी त्यांच्याशी झुंजले होते.

हॅमरफेस्टने याहून दारुण प्रसंग पाहिला. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गाव जाळले. स्मशानातले छोटे प्रार्थनामंदिर तेवढे उरले. युद्धानंतर लोक परतले आणि त्यांनी गाव पुन्हा वसवले.

आज टपाल विमानाने जाते, रस्तेही झाले आहेत, आणि बोटीवर पुष्कळशी गर्दी मध्यरात्रीचा सूर्य पाहू इच्छिणाऱ्यांची असते. तथापि २०२१ पासून दोन कंपन्या सरकारशी करार करून ही सेवा चालवीत आहेत, ती केवळ हौशी प्रवाशांसाठी नव्हे. अपरात्री एखाद्या लहान धक्क्यावर बोट थोडा वेळ थांबते, माल उतरतो, गावातला कोणी पलीकडच्या गावी जाण्यासाठी चढतो, आणि सहलीला आलेली मंडळी झोपेत असतानाच बोट पुढे निघते.